शरदातली पेरणी: अमेरिकेतील घरगुती हिरवळीचा इतिहास

अमेरिकेच्या ईशान्य आणि मध्य-पश्चिम भागात घरापुढची हिरवळ नव्याने पेरण्याचा हंगाम ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत चालतो. विरळ झालेले जुने गवत मारायचे किंवा खरवडायचे, जमीन मोकळी करायची, बी टाकायचे आणि पहिले दहिवर पडण्याआधी रोपांना मूळ धरू द्यायचे, असा हा क्रम असतो. ही डागडुजी घराघरात पोचली ती विसाव्या शतकात. हिरवळीची हौस त्याहून जुनी आहे आणि गवत तर हौसेच्याही आधी परदेशातून आलेले. पेरणी वसंत सोडून शरदात का करावी लागते, याचे मूळ त्या परक्या गवतात आहे.

सतराव्या शतकात इंग्रज वसाहतकरी अटलांटिक किनाऱ्यावर उतरले तेव्हा तिथे मुख्यतः जंगल होते. मोकळ्या जागी वाढणाऱ्या स्थानिक गवतांना गुराढोरांच्या सततच्या चराईची सवय नव्हती. युरोपातून आणलेल्या जनावरांपुढे ती टिकली नाहीत. मग युरोपी गवताचे आणि क्लोव्हरचे बी मागवले गेले. बरेचसे बी जहाजावरच्या वैरणीतून आणि शेणातून आपोआपच आले. त्यातलेच एक म्हणजे आज केंटकी ब्लूग्रास म्हणून ओळखले जाणारे गवत. ते मूळचे युरोप आणि आशियातले. केंटकीने त्याचे फक्त बारसे केले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या गाड्या तिथे पोचल्या, त्या सुमारास हे गवत तिथे चांगले माजलेले होते.

या गवतांना थंड, ओलसर हवा मानवते. इंग्लंडच्या सौम्य उन्हाळ्यात ती हिरवी राहतात. अमेरिकेच्या आतल्या भागात जुलैचे तापमान सहज तिशीपार जाते. तेवढ्या उष्णतेत त्यांची वाढ थांबते, मुळे आखडतात, पाती पिवळी पडतात. रिकाम्या झालेल्या जागेत क्रॅबग्रास घुसते. हे उन्हाळी तण वसंताच्या शेवटी जमीन तापू लागली की उगवते, भर उन्हात फोफावते आणि जमिनीसरपट पसरत जाते. वसंतात पेरलेल्या हिरवळीची अडचण हीच असते. गवताचे कोवळे रोप आणि क्रॅबग्रास साधारण एकाच वेळी वर येतात आणि जुलैत कोण टिकणार हे ठरलेलेच असते. शरदात पारडे फिरते. जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, रात्री गार झालेल्या असतात आणि क्रॅबग्रासचे दिवस भरत आलेले असतात. पहिल्या कडक दहिवराने ते मरते. पावसाळा सरल्यावर जमिनीत ओल असताना रब्बीची ज्वारी पेरणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही.

हिरवळ ही आधी श्रीमंतांची वस्तू होती. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी माउंट व्हर्नन येथे आणि टॉमस जेफरसन यांनी मॉन्टिसेलो येथे इंग्रजी उमरावांच्या धर्तीवर गवताचे पट्टे राखले. ते कापायला विळे, मेंढ्या आणि गुलामांचे श्रम होते. सामान्य घराच्या पुढे भाजीचा वाफा, कोंबड्या आणि झाडून घेतलेली माती असे. 1830 मध्ये इंग्लंडमधील स्ट्राउडजवळ एडविन बडिंग यांनी कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापण्याचे यंत्र बनवले आणि त्याचे पेटंट घेतले. ते लोखंडी धूड ओढायला दोन माणसे लागत. 1870 च्या सुमारास इंडियाना राज्यातील रिचमंड येथे एलवुड मॅकग्वायर यांनी हलके यंत्र तयार केले, तेव्हा कुठे एकट्या घरमालकाला आपले अंगण आवरता येऊ लागले.

यंत्राच्या मागोमाग उपदेशही आला. बागकार अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांचा 1841 चा ग्रंथ मुख्यतः ऐपतदार वाचकांसाठी होता. 1870 मध्ये फ्रँक स्कॉट यांनी उपनगरातल्या मध्यमवर्गासाठी पुस्तक लिहिले. घराभोवती उंच कुंपण घालून आपले सौंदर्य शेजाऱ्यापासून लपवणे त्यांना असभ्यपणाचे वाटे. शिकागोजवळच्या रिव्हरसाइड वसाहतीचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी 1869 मध्ये केला. त्यात प्रत्येक घर रस्त्यापासून 30 फूट मागे ठेवलेले होते. घरापुढच्या गवताचे पट्टे जुळून सलग हिरवळ व्हावी, ही कल्पना तिथून पसरली. तिचा एक परिणाम फारसा बोलून दाखवला जात नाही. कुंपण नसले की एकाच्या अंगणातले टक्कल सगळ्या गल्लीला दिसते.

त्या काळी बी मिळवणे हेच मोठे काम होते. अनेक जण गोठ्याच्या माळ्यावरची झाडलोट अंगणात फेकत. त्यात गवताचे बी असे आणि त्याहून जास्त तण. दुकानातल्या बियाण्याची अवस्था फारशी वेगळी नव्हती. फोलपटे, वाळू आणि जुने, न उगवणारे बी राजरोस मिसळलेले असे. 1876 मध्ये कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्राने बियाण्याची तपासणी सुरू केली. ओहायोतील मेरिसव्हिल येथे ऑर्लँडो स्कॉट यांनी 1868 मध्ये सुरू केलेल्या दुकानाचा सगळा लौकिक तणविरहित बियाण्यावर उभा होता. गिऱ्हाईक आधी शेतकरीच होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या दुकानाने टपालाने हिरवळीचे बी विकायला सुरुवात केली. 1928 मध्ये खास गवतासाठीचे खत आणि ग्राहकांना फुकट पाठवायची हिरवळीवरची पत्रिका, दोन्ही त्यांनी एकदमच आणले. 1939 च्या संघीय बियाणे कायद्याने पिशवीवर शुद्धता, उगवणक्षमता आणि तणाच्या बियांचे प्रमाण छापणे बंधनकारक केले. केंटकी ब्लूग्रासचे बी इतके बारीक की एका किलोत चाळीस लाखांहून अधिक दाणे भरतात. तेव्हा वजनाच्या अर्ध्या टक्क्याने तण असणे म्हणजे काय, याची कल्पना केलेली बरी.

गवताचे शास्त्र मात्र घरमालकांच्या नव्हे, गोल्फ खेळणाऱ्यांच्या पैशांतून उभे राहिले. 1916 मध्ये व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे कृषी खात्याने गवताचे प्रायोगिक वाफे घातले. चार्ल्स पायपर आणि रसेल ओकली या शास्त्रज्ञांनी 1917 मध्ये गोल्फ मैदानांच्या गवतावर पुस्तक लिहिले. 1920 मध्ये अमेरिकन गोल्फ संघटनेचा हिरवळ विभाग स्थापन झाला, त्यातही हे दोघे अग्रभागी होते. पुढे त्या वाफ्यांच्या परिसरात पेंटागॉनची इमारत उभी राहिली. या प्रयोगांतून निघालेले निष्कर्ष राज्याराज्यांतल्या कृषी महाविद्यालयांनी पत्रकांद्वारे लोकांपर्यंत नेले. पेरणी शरदात करा, हा त्यातला सर्वांत ठाम सल्ला होता आणि पाळायला सर्वांत अवघडही. बागेची हुक्की येते ती वसंतात. दुकानेही मार्च-एप्रिलमध्ये बियाण्याच्या पिशव्या दारात रचून ठेवतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा सल्ला लाखो घरांपर्यंत गेला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर 1947 ते 1951 या काळात लेव्हिट कंपनीने सतरा हजारांहून अधिक घरे बांधली. कुंपण घालायचे नाही आणि हंगामात दर आठवड्याला गवत कापायचे, या अटी विक्रीच्या करारातच होत्या. कंपनीच्या संस्थापकांपैकी अब्राहम लेव्हिट स्वतः झाडे आणि हिरवळीवर देखरेख करत. बटाट्याच्या शेतांवर उभ्या राहिलेल्या या वसाहतीत राहायला आलेली बहुतेक मंडळी शहरातल्या भाड्याच्या घरांतून आली होती. त्यांना गवताचा काडीचाही अनुभव नव्हता.

याच सुमारास 2,4-डी हे तणनाशक बाजारात आले. रुंद पानांची तणे ते मारते आणि गवताला हात लावत नाही. पण त्यात पांढरे क्लोव्हरही मरते. तोपर्यंत क्लोव्हर हे हिरवळीच्या मिश्रणातले मानाचे बी होते. हवेतला नत्र जमिनीत आणून ते शेजारच्या गवताला पोसत असे. औषधाने ते जगत नाही म्हटल्यावर त्याची गणना तणांत झाली आणि त्याने फुकट दिलेला नत्र पिशवीतून विकत घ्यावा लागू लागला. हिरवळीच्या व्यापाराच्या इतिहासात याहून फायद्याचा अपघात सापडणे कठीण.

शरदातली दुरुस्ती अटळ करणारा आणखी एक पाहुणा 1916 मध्ये न्यू जर्सीतील रिव्हरटन येथील एका रोपवाटिकेत सापडला होता. तो म्हणजे जपानी भुंगेरा. त्याची अळी महाराष्ट्रातल्या ऊस आणि भुईमूग उत्पादकांना परिचित असलेल्या हुमणीच्याच गोतातली. मादी जुलैत अंडी घालते, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अळ्या मुळे कुरतडतात आणि गवत हाताने धरून ओढले तर पट्टाच्या पट्टा उचलून येतो, खाली पांढऱ्या, वळलेल्या अळ्या दिसतात. नुकसान उघड होते तेच नेमके पेरणीच्या तोंडावर.

नवे वाण बहुधा प्रयोगशाळेऐवजी जुन्या, तुडवल्या गेलेल्या गवतातून निवडले गेले. 1931 मध्ये केंटकीच्या मेनिफी काउंटीतल्या एका उतारावरच्या शेतात केंटकी विद्यापीठाचे ई. एन. फर्गस यांना दुष्काळातही हिरवे राहिलेले टॉल फेस्क्यू हे गवत दिसले. 1943 मध्ये ते केंटकी 31 या नावाने प्रसारित झाले. भरड पातीचे, पण खोल मुळांचे. पेनसिल्व्हेनियातील मेरियन गोल्फ क्लबच्या मैदानावर तिथले देखरेखकार जो व्हॅलेंटाइन यांनी हेरलेले ब्लूग्रास 1947 मध्ये मेरियन या नावाने बाजारात आले. रटगर्स विद्यापीठाचे सी. रीड फंक यांनी 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून बारीक पातीचे रायग्रास गोळा केले. त्यातून 1967 मध्ये मॅनहॅटन हे वाण निघाले. त्याच बागेतल्या शीप मेडो कुरणावर 1934 पर्यंत खरोखरच मेंढ्या चरत होत्या.

बियाण्याचे शेत मात्र पश्चिम किनाऱ्यावर सरकले. ओरेगनमधील विलामेट खोऱ्यात हिवाळा ओला आणि उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे बी झाडावरच नीट वाळते. तिथली कापणी मुख्यतः जुलैत होते. मळणी, चाळणी आणि तपासणी होऊन ताजे बी शरदातल्या पेरणीपर्यंत देशभर पोचू शकते. कापणीनंतर धसकटे पेटवून रोग आणि तण मारण्याची पद्धत तिथे 1940 च्या दशकात रुजली. 3 ऑगस्ट 1988 रोजी त्या धुराने महामार्गावर अंधार झाला, वाहने एकमेकांवर आदळली आणि सात जणांचा बळी गेला. त्यानंतर शेत पेटवण्यावर टप्प्याटप्प्याने निर्बंध आले.

पेरणीची पद्धत युद्धोत्तर यंत्रांनी बदलली. टॉम मस्कारो यांनी 1946 मध्ये आणलेले यंत्र पोकळ दातांनी मातीच्या बोटभर गुल्ल्या उपसून टाकते. घट्ट बसलेल्या जमिनीत हवा, पाणी आणि बी उतरायला भोके मिळतात. पुढे उभी पाती फिरवून गवताच्या बुडाशी साचलेला वाळक्या काड्यांचा थर खरवडणारी यंत्रे आली, आणि चिरा पाडून त्यांत बी सोडणारीही. ही यंत्रे भाड्याने मिळू लागल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेच्या जोडसुट्टीत गल्लोगल्ली त्यांची घरघर सुरू झाली.

काम असे चालते. ऑगस्टमध्ये जुने गवत आणि तण तणनाशकाने मारतात. ते पुरते वाळले की अगदी बुडापासून कापून काड्या दंताळ्याने ओढून काढतात. माती चिकटत नाही आणि ढेकळेही होत नाहीत, असा वाफसा आला की यंत्र फिरवतात. बी दोन भागांत टाकतात, अर्धे उभे आणि अर्धे आडवे, म्हणजे पट्टे सुटत नाहीत. हजार चौरस फुटांना ब्लूग्रासचे किलो-सव्वा किलो पुरते, दाणा मोठा असल्याने टॉल फेस्क्यूचे तीन किलोंच्या पुढे लागते. दंताळे उलटे करून बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर मातीत लोटायचे आणि हलका रूळ फिरवायचा. त्याहून खोल गेलेले बारीक बी वर येत नाही. मग दिवसातून दोन-तीनदा अगदी थोडे पाणी. एकदा कोंब फुटल्यावर वरचा पापुद्रा एक दुपार जरी वाळला तरी ते जळतात. रायग्रास आठवड्याभरात दिसू लागते, फेस्क्यूला दीड-दोन आठवडे लागतात. ब्लूग्रास तीन-चार आठवडे अंत पाहते. हवालदिल घरमालक याच सुमारास पुन्हा बी आणायला धावतो. पण एकदा रुजले की तेच जमिनीखालून धुमारे सोडत रिकाम्या जागा भरून काढते. म्हणून मिश्रणात तिघांनाही जागा असते.

दक्षिणेकडे हे वेळापत्रक उलटते. तिथे बर्म्युडा गवत वाढते. महाराष्ट्रात हरळी म्हणून शेतकऱ्याला छळणारी आणि दूर्वा म्हणून गणपतीला वाहिली जाणारी वनस्पती ती हीच. तिला ऊन हवे असते, त्यामुळे तिची लागवड वसंताच्या शेवटी होते. शरदात हिवाळ्यापुरते रायग्रास वरून पेरून पिवळेपण झाकतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत गणेशोत्सव येतो तो ऐन पेरणीच्या हंगामात. तिथल्या ब्लूग्रासच्या हिरवळीत दूर्वा उगवलीच, तर ती तण ठरते आणि सहजासहजी मरतही नाही.

2005 मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे झालेल्या अभ्यासाने अमेरिकेतील हिरवळींचे क्षेत्र सुमारे 1,63,800 चौरस किलोमीटर असल्याचा अंदाज दिला. त्या देशातल्या कोणत्याही सिंचित पिकापेक्षा हे क्षेत्र मोठे आहे. एवढ्या पसाऱ्यातून वाहून जाणाऱ्या खताने तळी शेवाळू लागली, तेव्हा राज्यांनी कायदे केले. मिनेसोटाने हिरवळीवर स्फुरदयुक्त खत टाकण्यास मनाई केली आणि न्यू जर्सीने 2011 च्या कायद्याने त्यावर निर्बंध घातले. दोन्हीकडे नव्या पेरणीला सूट आहे, कारण कोवळ्या मुळांना स्फुरदाची खरोखर गरज असते. 2019 मध्ये मिनेसोटाने मधमाश्यांना उपयोगी हिरवळ लावणाऱ्या घरमालकांना अनुदान सुरू केले. त्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या मिश्रणात बारीक पातीच्या फेस्क्यूबरोबर पांढरे क्लोव्हर पुन्हा आले आहे. ते बी सप्टेंबर चुकला तर नोव्हेंबरमध्ये, जमीन गोठण्याच्या बेतात असतानाही टाकतात. मग ते हिवाळाभर मातीत निजून राहते आणि वसंतात उगवते.