दूध, मासे आणि कोड

मागच्या महिन्यात डोंबिवलीला मामेभावाकडे जेवायला गेले होते. सीकेप्यांचं घर, रविवार, सोड्याची खिचडी आणि तळलेले बोंबील. पानं वाढली गेली तेव्हा लक्षात आलं की नववीतल्या भाचीच्या ताटात फक्त वरण-भात आणि दुधीची भाजी आहे.

"तू का नाही घेत गं?"

"माझं बंद आहे, आत्या." तिने डावं मनगट पुढे केलं. जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढा पांढरा डाग. "मासे बंद, अंडं बंद, दूध-दही पण बंद. पूर्ण प्लांट-बेस्ड."

मामी लगेच म्हणाली, "करून बघायला काय हरकत आहे? पालेभाज्या खाऊन कुणाचं वाईट झालंय?"

प्रश्न तसा रास्त होता, आणि माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं. पण समोर माई बसली होती. माई म्हणजे माझी मावशी, वय सत्त्याहत्तर, चेहरा आणि दोन्ही हात जवळजवळ पूर्ण पांढरे. ती काही बोलली नाही. घरी आल्यावर मी वाचायला बसले. जे सापडलं ते इथे लिहिते आहे, कारण आमच्या घरातली बरीच मंडळी इथे डोकावतात आणि फॅमिली ग्रुपवर एवढं लांबलचक कोणी वाचत नाही.

माईचा पहिला डाग 1974 चा. ठाण्यातल्या एका वैद्यांनी पथ्य सांगितलं: मासे नको, दूध-दही नको, आंबट नको, मीठ बेताचं. दूध आणि मासे एका जेवणात खाल्ले की कोड उठतं, हे तर ठाण्या-कल्याणच्या कुठल्याही घरात ऐकायला मिळतं. आगरी असोत, कोळी असोत, आम्ही असू, नाहीतर मासे न खाणारे शेजारी. माझा समज होता की ही आजीबाईंच्या बटव्यातली गोष्ट. पण तिचं मूळ थेट चरकसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराची चर्चा आहे, आणि तिथे मासे दुधाबरोबर खाऊ नयेत असं म्हटलं आहे. कारणही दिलंय: दोन्ही मधुर, पण एक शीत आणि एक उष्ण. विरुद्ध आहाराने जे रोग होतात त्यांच्या यादीत किलास, म्हणजे आपलं कोड, आहे.

गंमत अशी की त्याच अध्यायात यावर वादही आहे. भद्रकाप्य नावाचे ऋषी म्हणतात, एक चिलिचिम मासा सोडला तर बाकी सगळे मासे दुधाबरोबर खायला हरकत नाही. आत्रेय त्यांचं म्हणणं खोडून काढतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही हे सर्वांना मान्य नव्हतं! आपल्यापर्यंत मात्र फक्त निकाल पोचला, वाद वाटेतच गळून पडला. तिकडे बंगाली लोक दोई-माछ म्हणून दह्यात मासे शिजवतात, युरोपात दुधा-सायीत माशांचं सूप करतात, आणि त्यापायी तिथे कोड जास्त आहे असं काही दिसत नाही. जगभरात साधारण 0.5 ते 2 टक्के लोकांना हे डाग असतात; मासे खाणाऱ्यांना, न खाणाऱ्यांना, सगळ्यांनाच.

पण मला खरी अडखळायला लावणारी जागा पुढे आहे. चिकित्सास्थानात, कुष्ठाच्या अध्यायाच्या शेवटी, किलासाची कारणं एका श्लोकात सांगितली आहेत. खोटं बोलणं, कृतघ्नपणा, देवांची निंदा, गुरुजनांचा अपमान, पापकर्म, पूर्वजन्मीचं कर्म... आणि विरोधी अन्न. हे अन्न कुठल्या पंगतीत बसलंय पाहा. पापाच्या शेजारी.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. हिरोडोटसने इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात इराणी लोकांबद्दल लिहून ठेवलंय की अंगावर पांढरं उठलेल्या माणसाला ते शहरात येऊ देत नसत. त्याने सूर्याचा काही अपराध केला असणार असं मानत. पांढरी कबुतरंसुद्धा हाकलून देत म्हणे. त्या काळी महारोग आणि कोड यांची सगळीकडेच सरमिसळ होती. आपला 'कोड' हा शब्दच मुळी 'कुष्ठ' या शब्दावरून आला. सुश्रुताने मात्र फरक नीट टिपला होता: किलास फक्त त्वचेत असतं आणि ते स्रवत नाही. एवढं स्वच्छ लिहिलेलं असूनही माईच्या सासरी तिचा पेला वेगळा ठेवलेला मी लहानपणी पाहिला आहे. कोड स्पर्शाने, पेल्याने, टॉवेलने पसरत नाही. हे तेव्हाही खरं होतं.

आता वनस्पतींकडे येते, कारण मामीच्या प्रश्नात एक अर्धं सत्य आहे आणि ते टाकून देणं बरोबर होणार नाही.

वनस्पतीने कोडाला खरोखर मदत केली आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात रात्री जन्मलेल्या एका काळ्या वनस्पतीला विनवणी आहे की या पांढऱ्या डागाला तुझा रंग दे. पुढे आयुर्वेदात बावची आली. चरकाने काळ्या उंबरासारख्या, अंजिराच्याच भावकीतल्या झाडाचा रस गुळाबरोबर द्यायला सांगितला आहे, आणि रस प्यायल्यावर रोग्याला उन्हात बसवायला सांगितलं आहे. तिकडे इजिप्तमध्ये नाईलकाठी उगवणाऱ्या एका रानटी झुडपाच्या बिया खाऊन उन्हात बसायची जुनी रीत होती. 1940 च्या दशकात कैरोतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या बियांमधून औषधी द्रव्य वेगळं काढलं, आणि तिथल्याच एल मोफ्ती या त्वचातज्ज्ञाने ते कोडाच्या रुग्णांवर वापरून 1948 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे द्रव्य सोरालेन कुळातलं. बावचीतही सोरालेन आहे, अंजिराच्या पानातही. 1974 मध्ये सोरालेनला खास दिव्याच्या अतिनील किरणांची जोड मिळाली आणि 'पुवा' नावाची उपचारपद्धती जगभर गेली. ज्या वर्षी माईचे मासे बंद झाले, तेच हे वर्ष!

म्हणजे ऋषींना आणि नाईलकाठच्या लोकांना काहीतरी सापडलं होतं. पण ते पथ्य नव्हतं, औषध होतं. सोरालेन त्वचेला उजेडाबाबत हळवं करतं. खरं काम ऊन करतं. ज्याचा अपराध केला म्हणून इराण्यांनी माणसं हाकलली, तोच सूर्य शेवटी उपयोगी पडला. आणि औषध म्हटलं की मात्रा आली, धोका आला. सोरालेन लिंबातही असतं, म्हणून उन्हात लिंबं पिळणाऱ्याच्या हातावर कधीकधी भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. बावची मनाने लावून फोड आलेले आणि पोटात घेऊन यकृताला इजा झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. तेव्हा 'झाडपाल्याचं आहे, अपाय नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनीच जपून वापरावं.

आज एवढं कळलेलं आहे की कोडात शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणा रंग तयार करणाऱ्या पेशींवरच उलटते. त्यात आनुवंशिकता असते, थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांना जोडीने असतो. माणसाने काय खाल्लं यावरून पेशी चिडत नाहीत.

मग आहाराचा काहीच संबंध नाही? शोधणाऱ्यांनी प्रामाणिकपणे शोधलं आहे. 1997 साली स्वीडनमध्ये 100 रुग्णांना बी-12 आणि फॉलिक ॲसिड देऊन उन्हात जायला सांगितलं. 52 जणांचे डाग कमी-अधिक भरले. बातमी आनंदाची होती, पण जीवनसत्त्वं न घेता नुसतं उन्हात बसणारा दुसरा गट तुलनेला नव्हता. 2002 मध्ये नेदरलँड्समध्ये 27 रुग्णांवर तशी तुलना झाली. सगळ्यांना अतिनील किरणं दिली, निम्म्यांना शिवाय जीवनसत्त्वं. दोन गटांत फरक पडला नाही. आणि या दुसऱ्या लेखाच्या लेखकांत पहिल्या अभ्यासातले युहलिन स्वतः होते. आपलाच आशादायक निष्कर्ष पुन्हा तपासायला बसणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला. चंदीगडच्या पीजीआयने 2003 मध्ये गिंको नावाच्या झाडाचा अर्क तपासला; थोड्या डागांचं पसरणं त्याने मंदावल्याचं दिसलं. पण हाही गोळीतून मोजून दिलेला अर्क आहे, जेवण नव्हे. निव्वळ शाकाहाराने डाग भरतात, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

उलट एक काळजी आहे. बी-12 आपल्याला मिळतं ते मासे, अंडी, मांस, दूध यांतून. भाज्यांमधून जवळजवळ नाहीच. कोड असलेल्या काही रुग्णांत बी-12 आधीच कमी आढळतं. अशा चौदा वर्षांच्या वाढत्या मुलीचं दूध, दही, अंडी, मासे सगळंच एकदम बंद करायचं आणि बी-12 ची गोळीही द्यायची नाही, याला मी पथ्य म्हणणार नाही. मामी, पालेभाज्या खाऊन कुणाचं वाईट होत नाही हे अगदी खरं. पालेभाज्या आपण सगळ्यांनीच जास्त खायला हव्यात. वाईट होतं ते बाकीचं बंद केल्याने, आणि डाग हटला नाही की 'तूच कुठेतरी पथ्य मोडलं असशील' या वाक्याने.

हे वाक्य माईने एकोणीस वर्षं ऐकलं.

डाग वाढला की घरात चौकशी सुरू व्हायची. काय खाल्लंस? कुणाकडे दही घेतलंस का? हळदीकुंकवाला मसाला दूध प्यायलीस का? ती रोज सगळ्यांसाठी मासे साफ करायची, तळायची, आणि स्वतः मुगाची आमटी घेऊन शेवटी जेवायची. डाग कोपरापर्यंत गेले, मग चेहऱ्यावर. चरकाच्या श्लोकातलं पाप आणि विरोधी अन्न यांचं शेजार आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरापर्यंत शाबूत पोचलं होतं. पाप म्हणायची लाज वाटते म्हणून आपण दही म्हणतो, एवढाच फरक.

याच मनाच्या कोपऱ्यावर लोकलच्या डब्यातली 'सफेद दाग' वाली पत्रकं जगली. कोडावर रामबाण उपाय म्हणून जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे, त्या कायद्याच्या यादीत या रोगाचं नाव स्पष्ट लिहिलं आहे. तरी कल्याण लोकलमध्ये मी ती पत्रकं वर्षानुवर्षं वाचत आले.

1993 मध्ये मुलाचं लग्न ठरलं तेव्हा माईने एके दिवशी सरळ बोंबील वाढून घेतले. सासूबाई वारल्या होत्या, विचारणारं कुणी नव्हतं. त्यानंतर डाग पूर्वीच्याच चालीने वाढले, जोरात नाही की कमी नाही. एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण एकोणीस वर्षं परत मिळत नाहीत, हेही कळतं.

पुढे काळ थोडा बदलला. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, ज्यांना स्वतःला कोड आहे, श्वेता असोसिएशन सुरू केली. डाग असलेल्या मुलामुलींचे वधूवर मेळावे घेतले. 2006 मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' आला, त्यात देविका दफ्तरदारने केलेली नायिका कोड असलेली डोळ्यांची डॉक्टर आहे. माईने तो टीव्हीवर पाहिला आणि इतकंच म्हणाली, "हिला कुणी काय खाल्लंस असं विचारलं नाही वाटतं."

उपचारही पुढे गेलेत. पुवाच्या जागी आता बहुतेक ठिकाणी 311 नॅनोमीटरच्या किरणांची पद्धत वापरतात. 2022 मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी रक्सोलिटिनिब हे मलम मंजूर झालं. सगळ्यांना सगळं लागू पडत नाही, डाग परतही येतात. पण सुरुवातीला, डाग लहान असताना त्वचातज्ज्ञाकडे जाण्यात अर्थ आहे, आणि दुधी खात तीन महिने घालवण्यात नाही.

त्या रविवारचं शेवटचं सांगायचं राहिलं. पानं उचलायच्या आधी माईने आपल्या ताटातला एक बोंबील उचलून भाचीच्या ताटात ठेवला. मामी म्हणाली, "अहो वन्सं, तिचं पथ्य आहे."

"माझं झालंय की तिच्या वाटचं," माई म्हणाली.

भाचीने आधी आजीकडे पाहिलं, मग आत्याआजीच्या पांढऱ्या हाताकडे. आणि बोंबील खाल्ला.

पुढच्या आठवड्यात तिला त्वचातज्ज्ञांकडे नेतोय. बी-12 आणि थायरॉइडही तपासून घेणार आहोत. असो. मामी, हे वाचत असशील तर रागावू नकोस. पुढच्या रविवारी येते, खिचडी तूच कर.