चादरीच्या कोपऱ्याखालचा पिवळा रंग

नवजात विभागात सिस्टर म्हणून नोकरी करताना एक प्रश्न मी सतत ऐकला. काचेच्या पेटीतलं, निळ्या लाइटखालचं बाळ गोरं दिसायला लागलं की आई विचारायची, "सिस्टर, कावीळ उतरली ना? मग सारखं रक्त कशाला काढता?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलात जावं लागतं, तेही १९५६ च्या उन्हाळ्यात.

तिथल्या कमी दिवसांच्या बाळांचा विभाग सिस्टर वॉर्ड सांभाळायच्या. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा बरी, असं त्यांचं ठाम मत. ऊन पडलं की त्या बाळांना बाहेर अंगणात न्यायच्या. एका राउंडला त्यांनी डॉक्टरांना एक उघडं बाळ दाखवलं. सगळं अंग फिकट, आणि पोटावर मात्र एक गडद पिवळा त्रिकोण. डॉक्टर डॉब्ज यांना वाटलं, काहीतरी औषध लावलंय. सिस्टर भीत भीत म्हणाल्या की तेवढ्या भागावर चादरीचा कोपरा होता. पिवळेपणा तिथला वाढलेला नाही, बाकीच्या अंगाचा उतरलाय. यावर कोणी फारसं काही केलं नाही. राउंड पुढे गेला.

काही आठवड्यांनी रक्ताची एक नळी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात राहिली, आणि तिच्यातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीला पिवळेपणा देणारं रंगद्रव्य, अपेक्षेपेक्षा बरंच कमी भरलं. तेव्हा कुठे सिस्टरांचा त्रिकोण सगळ्यांना आठवला. क्रेमर या तरुण डॉक्टरांनी आधी बाळांना थोडा वेळ उन्हात, थोडा वेळ सावलीत ठेवून रक्त तपासलं. मग इंग्लंडच्या उन्हाचा काय भरवसा, म्हणून पाळण्यावर निळ्या ट्यूबलाइटींचं अर्धगोल छत बसवलं. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला: क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांच्या नावाने. लेखकांत सिस्टर वॉर्ड नाहीत. ती हकिकत डॉब्ज आणि क्रेमर यांनी १९७५ मध्ये लिहिली.

निळी लाइट येईपर्यंत जहाल काविळीवर उपाय म्हणजे बाळाचं रक्त बदलणं. कमी दिवसांच्या बाळात ते फार जोखमीचं. त्याचं यकृत अजून तयार नसतं, बिलिरुबिन धरून ठेवणारं अल्ब्युमिन कमी असतं. सुटं बिलिरुबिन मेंदूत उतरतं. मेंदूतली केंद्रं अशी पिवळी पडलेली श्मोर्ल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवली होती. त्यातून वाचलेल्या मुलाचे हातपाय वेडेवाकडे हलत राहतात, ऐकू येत नाही, नजर वर जात नाही. त्याच १९५६ साली अमेरिकेत सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांना दिसलं की जंतुसंसर्ग टाळायला दिलेल्या सल्फाच्या औषधाने कमी दिवसांची बाळं जास्त दगावताहेत, आणि त्यांचे मेंदू पिवळे पडताहेत. पुढे कारण कळलं: ते औषध अल्ब्युमिनवरून बिलिरुबिनला हुसकून लावत होतं.

म्हणून निळ्या लाइटीलाही लोक बिचकले. अमेरिकेत तिला मान मिळाला तो १९६८ मध्ये ल्युसी यांच्या तुलनात्मक चाचणीनंतर. १९७४ ते १९७६ या काळात तिथे १,३३९ बाळांवर मोठी चाचणी झाली आणि मुलांना सहा वर्षांची होईपर्यंत पाहिलं गेलं. लाइट मिळालेली मुलं वाढीत मागे नव्हती. रक्त बदलायची वेळ मात्र कमी आली.

मग वाटलं, एवढं निर्धोक आहे तर सरसकट लवकर का लावू नये? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक किलोच्या आतली १,९७४ बाळं होती. निम्म्यांना लाइट लगेच, बाकीच्यांना बिलिरुबिन आठ-दहा मिलिग्रॅमवर गेल्यावर. दीड-दोन वर्षांच्या वयात पाहिलं, तर मृत्यू किंवा अपंगत्व मिळून फरक ठोस नव्हता. वाचलेल्यांत अपंगत्व थोडं कमी होतं: ३० ऐवजी २६ टक्के. पण पाऊण किलोच्या आतल्या बाळांत मृत्यू ३४ ऐवजी ३९ टक्के. हा आकडा योगायोगाचाही असू शकतो, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. लाइटसुद्धा औषधच, तिचाही डोस असतो.

आपल्याकडे तेल लावून बाळाला कोवळ्या उन्हात धरायची रीत जुनी. "आमच्या वेळी उन्हानेच उतरायची," असं आज्या मला ऐकवायच्या. ऊन बिलिरुबिनचं रूप पालटतं, हे खरंच. पण त्या उन्हाचं माप नसतं, आणि किलो-दीड किलोचं बाळ बाहेर गार पडतं.

आता आईच्या प्रश्नाकडे. लाइट आधी कातडीचा रंग उतरवते; सिस्टर वॉर्डनी नेमकं हेच पाहिलं होतं. म्हणूनच लाइटखालच्या बाळाची कावीळ डोळ्यांनी ठरवता येत नाही, रक्तच तपासावं लागतं. आणि मेंदूचा हिशेब तर रक्तातही दिसत नाही. तो कानांच्या बेरा टेस्टमध्ये, बाळ मान कधी धरतं, बसतं कधी, हाक मारल्यावर वळतं का, यात दिसतो. घरी जाताना हातात दिलेल्या कार्डावरच्या तारखा त्यासाठी असतात, आणि बाळ कितीही गुटगुटीत दिसलं तरी त्या चुकवायच्या नसतात.