नाव कोणत्या गावच्या यादीत? : जुन्नर-आंबेगावचे स्थलांतरित मतदार आणि ‘सामान्य रहिवासा’ची संकल्पना

गोषवारा

मतदार यादी हा निवडणूक यंत्रणेचा केवळ प्रशासकीय दस्तऐवज नसून कोणता माणूस कोठला मानला जातो, याची ती नोंद असते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतून मुंबईस आणि अलीकडे परदेशी गेलेल्या लोकांच्या संदर्भात या नोंदीचा इतिहास प्रस्तुत शोधनिबंधात तपासला आहे. ‘सामान्यतः रहिवासी’ ही कायदेशीर संकल्पना कशी घडली, तिने कोणाची अनुपस्थिती मान्य केली आणि कोणाची केली नाही, हा या लेखनाचा मुख्य प्रश्न आहे.

बीजसंज्ञा : मतदार यादी, स्थलांतर, सामान्य रहिवास, दुबार नाव, अनिवासी मतदार.

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून पूर्वेच्या सपाट प्रदेशापर्यंत पसरलेले आहेत. नाणेघाटाच्या रूपाने जुन्नरचा कोकणाशी असलेला संबंध सातवाहन काळापासूनचा आहे. आधुनिक काळात हा संबंध मुंबईशी जडला. कोरडवाहू शेती, जमिनीचे लहान होत गेलेले तुकडे आणि रोख पैशाची गरज यांमुळे येथील माणूस मुंबईच्या कापड गिरण्यांत, बाजारपेठांतील हमालीत व भाजीपाल्याच्या व्यापारात शिरला. मुंबईचे डबेवालेही मुख्यतः याच पट्ट्यातील, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ व अकोले या तालुक्यांतील आहेत. गावच्या यात्रेसाठी दरवर्षी काही दिवस डब्यांची सेवा बंद ठेवण्याची त्यांची प्रथा प्रसिद्ध आहे.

या स्थलांतराचे वैशिष्ट्य असे की, ते पूर्णपणे कधीच झाले नाही. माणूस मुंबईत राहिला, पण घर, शेतीतील हिस्सा, कुलदैवत व भावकी गावी राहिली. सातबाऱ्यावर त्याचे नाव वारसाहक्काने चढले आणि तो गावी नसला तरी टिकून राहिले. मतदार यादीचा न्याय मात्र निराळा आहे. ती मालकी पाहत नाही, वास्तव्य पाहते. म्हणूनच ‘तुमचे नाव कुठे आहे, गावाला की मुंबईला?’ हा प्रश्न या दोन तालुक्यांतील कुटुंबांत निवडणूक आली की हमखास विचारला जातो.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

(१) मतदार नोंदणीतील रहिवासाच्या अटीचा ऐतिहासिक आढावा घेणे. (२) जुन्नर-आंबेगावच्या स्थलांतराच्या संदर्भात या अटीचा परिणाम पाहणे. (३) परदेशस्थ नागरिकांसाठी केलेल्या तरतुदींशी तिची तुलना करणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून लोकप्रतिनिधित्वाचे कायदे, मतदार नोंदणी नियम आणि निवडणूक आयोगाची प्रसिद्ध माहिती यांचा आधार घेतला आहे.

३. मालमत्तेकडून रहिवासाकडे

ब्रिटिश अमदानीत मताधिकार हा नागरिकत्वाचा नव्हे, तर ऐपतीचा भाग होता. १९१९ व १९३५ च्या कायद्यांनी तो जमीन महसूल, घरभाडे, कर व शिक्षण यांसारख्या पात्रतांशी जोडला होता. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ३ कोटी मतदार होते. प्रौढ लोकसंख्येचा फार मोठा भाग यादीबाहेरच राहिला.

या संदर्भात आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ येथील बाबू गेनू सैद यांचे उदाहरण बोलके आहे. मुंबईत गिरणी कामगार असलेला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी येथे परदेशी कापडाच्या मालमोटारीसमोर आडवा झाला आणि हुतात्मा ठरला. ज्या वर्गातून तो आला, त्या वर्गाला ना गावच्या यादीत स्थान होते, ना मुंबईच्या. राष्ट्रासाठी प्राण देणाऱ्या कामगारवर्गाचा बहुतांश भाग मतदार नव्हता, ही वस्तुस्थिती प्रौढ मताधिकाराच्या निर्णयाचे मोल स्पष्ट करते.

स्वातंत्र्यानंतर संविधान अमलात येण्यापूर्वीच प्रौढ मताधिकारावर आधारित प्रारूप याद्या तयार करण्याचे काम सुरू झाले. मार्च १९४८ मध्ये संविधान सभेच्या सचिवालयाने प्रांतांना दिलेल्या सूचनांत ३१ मार्च १९४८ रोजी संपणाऱ्या वर्षात किमान १८० दिवसांच्या वास्तव्याची अट होती. फाळणीमुळे विस्थापित झालेल्या निर्वासितांना ही अट लावणे अशक्य होते. त्यामुळे ‘या ठिकाणी कायम राहण्याचा माझा इरादा आहे’ अशा प्रतिज्ञापनावर त्यांची नावे घेण्यात आली. भारतीय मतदार यादीच्या जन्माच्या वेळीच वास्तव्याइतकेच महत्त्व इराद्याला दिले गेले, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारांची संख्या १७ कोटी ३२ लाखांच्या घरात गेली. मात्र स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी वा आई अशी ओळख देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे नोंदली गेली नाहीत. हे प्रमाण मुख्यतः उत्तर व मध्य भारतात होते. तरीही यादीत असणे म्हणजे स्वतःच्या नावाने असणे, हा धडा त्यातून सर्वांनाच मिळाला.

४. ‘सामान्यतः रहिवासी’ म्हणजे कोण?

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ नुसार मतदार होण्यासाठी वयाची अट पूर्ण करणे व मतदारसंघात सामान्यतः रहिवासी असणे आवश्यक आहे. कलम १७ व १८ नुसार एका व्यक्तीचे नाव एकाहून अधिक मतदारसंघांत अथवा एकाच मतदारसंघात दोनदा असू शकत नाही.

कलम २० मधील दोन तरतुदी जुन्नर-आंबेगावच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, केवळ घर मालकीचे अथवा ताब्यात आहे, एवढ्यावरून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. दुसरी अशी की, तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे कोणाचा रहिवास संपुष्टात येत नाही. पश्चिमेच्या डोंगरी गावांतून नारायणगावच्या बागायती पट्ट्यात हंगामी मजुरीस जाणारे महादेव कोळी व ठाकर समाजातील कुटुंब दुसऱ्या तरतुदीत सहज बसते. तीस वर्षे मुंबईत राहून गणपती, यात्रा व लग्नसराईला गावी येणारा चाकरमानी मात्र पहिल्या तरतुदीपाशी अडतो. आज कायद्यात १८० दिवसांची अट नाही. प्रत्येक प्रकरणातील सर्व वस्तुस्थिती पाहून नोंदणी अधिकाऱ्याने निर्णय करावयाचा असतो.

रहिवासाची ही कल्पना येथील भूगोलानेही कसोटीला लावली. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव हे गावच बुडाले. तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे. गाव पाण्याखाली गेले, तरी तालुक्याचे आणि विधानसभा मतदारसंघाचे नाव आंबेगाव हेच राहिले. धरणाच्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव देण्यात आले. विस्थापित कुटुंबाला नव्या ठिकाणी रेशनकार्ड व सातबारा यांबरोबर मतदार यादीतील नोंदही नव्याने मिळवावी लागते. स्वेच्छेने गेलेला मुंबईकर आणि सरकारी प्रकल्पाने हलवलेला शेतकरी यांना कायदा या बाबतीत एकाच मापाने मोजतो.

५. गावचे नाव सोडवत का नाही?

मुंबईतील यादीत नाव घालून घेणे शक्य असताना अनेकजण गावचे नाव का राखतात? याचे एक उत्तर ग्रामपंचायतीत आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. म्हणजेच गावचा सरपंच, पाणीपुरवठा, रस्ता व देवस्थान यांविषयी मत देण्याचा हक्क हवा असेल, तर आमदार व खासदारही गावचाच निवडावा लागतो आणि मुंबईतील नगरसेवक निवडण्याच्या हक्कावर पाणी सोडावे लागते. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतीकडे येणारा निधी व अधिकार वाढले, तसे या निवडीचे महत्त्वही वाढले. अटीतटीच्या लढतीत मुंबईकरांची मते निर्णायक ठरतात. त्यांना गावी आणण्यासाठी गाड्या ठरवण्याची प्रथा सर्वपरिचित आहे.

दुसरे कारण असुरक्षिततेचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने मुंबईतील नोकरी व खोली किती क्षणभंगुर असते, हे दाखवून दिले. संपाची झळ बसलेल्या अनेक कुटुंबांना गाव हाच आधार ठरला. ज्याला कधीही परतावे लागेल, तो गावच्या कागदावरील आपले नाव सहजासहजी पुसू देत नाही.

यातूनच ‘दुबार नावा’चा प्रश्न उद्भवतो. कधी मुंबईत नवे नाव नोंदवताना जुने वगळण्याचा अर्ज राहून जातो, तर कधी ते हेतुपुरस्सर ठेवले जाते. लग्नानंतर सासरच्या यादीत गेलेल्या मुलीचे नाव माहेरी तसेच राहणे, हा याचाच आणखी एक प्रकार होय. दोन मतदारसंघांत मतदान केल्यास १९५१ च्या अधिनियमाच्या कलम ६२ नुसार दोन्ही मते बाद ठरतात. २०१९ मध्ये मुंबई व शिरूर या दोन्ही ठिकाणी लोकसभेचे मतदान २९ एप्रिल या एकाच दिवशी झाले. २०२४ मध्ये शिरूरचे मतदान १३ मे रोजी, तर मुंबईचे २० मे रोजी झाले. अशा वेळी बोटावरील शाई हीच एक रोखणारी गोष्ट उरते. २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांपूर्वी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारांकित खुणा करण्याचा निर्णय घेतला. दुबार नावाचा गैरवापर होतो, हे अमान्य करण्याचे कारण नाही. तथापि प्रत्येक दुबार नाव बनावट मानणे म्हणजे शतकभराच्या स्थलांतराचा इतिहास नजरेआड करणे होय.

६. नाव तपासण्याची बदलती रीत

प्रारूप यादीची प्रसिद्धी, दावे व हरकती आणि अंतिम यादी हा क्रम मतदार नोंदणी नियम, १९६० ने घालून दिला आहे. यादी गावात पाहावयास मिळे. त्यामुळे गावात असलेल्यालाच ती पाहता येई, मुंबईकराचे नाव भावाने वा शेजाऱ्याने तपासावे लागे. १९९३ पासून छायाचित्र ओळखपत्रे आली आणि ओळखपत्र हाती असले म्हणजे नाव यादीत आहेच, असा समज रुजला. प्रत्यक्षात मत देता येते ते यादीतील नावामुळे, ओळखपत्र केवळ ओळख पटवते. आता याद्या संगणकावर असल्याने ओळखपत्राच्या क्रमांकावरून कोठूनही नाव शोधता येते. नवीन नोंदणीसाठी नमुना ६, वगळण्यासाठी नमुना ७ आणि ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतर व दुरुस्ती या दोहोंसाठी नमुना ८ अशी व्यवस्था आहे.

नाव वगळण्यापूर्वी संबंधिताला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देणे कायद्याने बंधनकारक आहे. लाल बाबू हुसेन प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व ठामपणे मांडले. ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे, त्याची नोंद पडताळणीनंतर झालेली आहे, असे गृहीत धरून अधिकाऱ्याने चालावे, असा त्याचा आशय आहे. परंतु नोटीस गावच्या बंद घराच्या दारावर लागली आणि माणूस कांदिवलीत असला, तर ही संधी कागदावरच राहते.

७. परदेशस्थ मतदार : एक तुलना

२०१० च्या दुरुस्तीने कलम २०-क समाविष्ट झाले व फेब्रुवारी २०११ पासून ते लागू झाले. त्यानुसार अन्य देशाचे नागरिकत्व न घेतलेला परदेशस्थ भारतीय आपल्या पारपत्रातील भारतीय पत्त्यावर नमुना ६-अ भरून मतदार होऊ शकतो. मतदानासाठी मात्र त्याने पारपत्रासह स्वतः मतदान केंद्रावर यावे लागते. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये संमत केले, परंतु २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्याने ते व्यपगत झाले. २०२४ मध्ये देशभर सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदार नोंदलेले असताना प्रत्यक्ष मतदान करणारे ३ हजारांहूनही कमी होते. नोंदणीत केरळचा वाटा सर्वांत मोठा होता.

फिलिपिन्सचा अनुभव येथे उद्बोधक आहे. तेथे २००३ च्या कायद्याने परदेशस्थ नागरिकांना मताधिकार मिळाला आणि २००४ मध्ये त्यांनी प्रथम मतदान केले. मतदान वकिलातीत वा टपालाने करण्याची सोय त्या कायद्याने केली. परदेशी स्थायिक झालेल्यांना तीन वर्षांत परतण्याच्या इराद्याचे प्रतिज्ञापत्र त्या कायद्याने मागितले होते. सलग दोन राष्ट्रीय निवडणुकांत मत न दिल्यास नोंदणी निष्क्रिय होते, म्हणून तेथील परदेशस्थ नागरिकाला आपली नोंद वेळोवेळी तपासावी लागते. भारतात मतदान न केल्याने नाव जात नाही. ते जाते रहिवास संपल्याच्या कारणाने.

या तुलनेतून एक विसंगती पुढे येते. पारपत्रावर ओतूरचा पत्ता असलेला दुबईतील अभियंता कायद्याने ओतूरचा रहिवासी मानला जातो. सीमेवरील सैनिकालाही कलम २० नुसार त्याच्या मूळ गावी मतदार राहता येते. माळशेज घाट उतरून मुंबईस गेलेल्या हमालाला मात्र ही सवलत नाही. त्याला मुंबईत मताधिकार उपलब्ध आहे, हे याचे समर्थन असून ते रास्तही आहे. तथापि अनुपस्थित माणूसही गावचा असू शकतो, हे तत्त्व कायद्याने १९४८ पासून निरनिराळ्या निमित्तांनी मान्य केले आहे, हेही तितकेच खरे.

८. निष्कर्ष

(१) रहिवासाची अट ही नैसर्गिक नसून ऐतिहासिक आहे. निर्वासित, सैनिक व परदेशस्थ यांच्यासाठी ती वेळोवेळी शिथिल झाली.

(२) एका व्यक्तीस एकच मत, एकाच ठिकाणी, हे तत्त्व समतेसाठी अपरिहार्य आहे. दुबार नावे कमी होणे इष्ट आहे, परंतु कोणते नाव ठेवावे याची निवड शक्यतो मतदाराने करावी, यंत्रणेने परस्पर नव्हे.

(३) नाव वगळण्याची नोटीस गावच्या पत्त्याबरोबरच नोंदलेल्या भ्रमणध्वनीवर जावी आणि प्रारूप यादीचे ग्रामसभेत वाचन व्हावे. मुंबईतील ग्रामस्थ मंडळांनी यात्रेच्या वर्गणीबरोबरच सभासदांची नावे तपासण्याचे कामही हाती घ्यावे.

(४) जुन्या मतदार याद्या हे स्थलांतराच्या इतिहासाचे मोलाचे साधन आहे. कोणत्या वाडीतील कोणते घर केव्हा रिकामे झाले, याचा माग त्यांतून लागू शकतो. रद्दीत जाण्यापूर्वी त्या जतन करणे व विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून अभ्यासणे, हे या परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना सहज शक्य आहे.

बाबू गेनूच्या पिढीला यादीत नाव नव्हते. पुढच्या पिढ्यांना ते मिळाले आणि कोणत्या यादीत ठेवावे हा पेच त्यांच्यापुढे आला. या पेचाचे उत्तर देताना त्यांचे नाव दोन्ही याद्यांतून निसटू नये, एवढी दक्षता घेणे हे शासनाचे व समाजाचेही कर्तव्य आहे.