खटक्यामागचे दोन अंक

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला रोटरी एन्कोडर बोटांनी हळूच फिरवून बघा. एका खटक्यात बहुतेक वेळा त्याच्या दोन तारांवर चार बदल होऊन जातात : ००, ०१, ११, १० आणि परत ००. एका वेळी एकच अंक बदलतो.

ही शिस्त एन्कोडरहून जुनी आहे. फ्रान्सच्या एमिल बोदोने १८७० च्या दशकातच ती तारयंत्रात आणली होती. पुढे बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांनी १९४७ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९५३ मध्ये मिळालं. ग्रे यांना आवाजाचे आकडे करायचे होते. साध्या द्विमान पद्धतीत ३ चे ४ होताना ०११ चे १०० होतात, म्हणजे तिन्ही अंक एकदम पालटतात. नेमकं त्याच क्षणी वाचलं तर भलताच आकडा हाती येतो. ग्रे यांच्या क्रमात चूक झालीच तर एका पायरीची. म्हणून तो ग्रे कोड.

पण तारा दोन कशाला? पवईला आयआयटीत घडलेल्या ‘फायर बर्ड ५’ या रोबोच्या चाकाला ३० फटींची चकती आहे. एक पल्स म्हणजे ५.४४ मिलिमीटर. पण चकतीवर सेन्सर एकच. चाक किती फिरलं ते कळतं, कुठल्या दिशेला ते नाही. हाताने मागे ढकललं तरी आकडा वाढतच जातो. दिशा हवी तर दुसरा सेन्सर पाव टप्पा सरकवून बसवावा लागतो. मग आधी कोण बदललं, यावरून दिशा ठरते.

असा दोन तारांचा एन्कोडर वाचताना मुलं हमखास एका तारेवर इंटरप्ट लावतात आणि संपर्काच्या थरथरीवर उपाय म्हणून डिले घालतात. मला हे पटत नाही. त्या डिलेमध्ये खरे खटकेही बुडतात. त्याऐवजी दोन्ही तारांची आधीची आणि आताची स्थिती जोडली की १६ शक्यता होतात : ४ पुढे, ४ मागे, ४ जैसे थे आणि ४ अशक्य. एक तार थरथरली तर मोजणी +१, -१, +१ अशी हलते आणि अखेर १ च उरतो. थरथर आपोआप फिटते! अशक्य जोडी दिसली, तर मधली पायरी वाचायची राहून गेली.

तेव्हा डिले काढा, १६ खान्यांचा तक्ता लिहा आणि दोन्ही तारा एकत्र वाचा.