आंबिल ओढा व कात्रजचा नळ

पुण्याच्या इतिहासाचा विचार करतांना लढाया, तह, कारस्थानें व वाडे यांकडे अभ्यासकांचें लक्ष सहज जातें. पाण्याचा इतिहास मात्र बहुधा हिशेबाच्या रुमालांत पडून राहतो. वस्तुतः शहर वसतें तें पाण्यावर, आणि त्याची हानि होते तीहि पुष्कळदां पाण्यानेंच. इ. स. २०१९ च्या सप्टेंबरच्या २५ व्या तारखेस रात्रीं आंबिल ओढ्यास जो पूर आला त्यानें ही गोष्ट पुणेंकरांस पुनः पटवून दिली. त्या रात्रीच्या पावसानें शहर व आसपासचा मुलूख मिळून वीसांहून अधिक माणसें दगावलीं, आणि ज्याला लोक निव्वळ नाला समजून विसरले होते तो ओढा भिंती पाडून घरांत शिरला. या ओढ्याचें पूर्ववृत्त जुळवून पाहण्याची गरज यामुळें उत्पन्न झाली असल्यानें तें येथें थोडक्यांत मांडीत आहों.

आंबिल ओढा पुण्याच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगरांत उगम पावतो. पूर्वीं तो पर्वतीवरून खालीं येऊन आजच्या शहराच्या मध्यभागांतून शनिवारवाड्याच्या बाजूस मुठेकडे जात असे. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकीर्दींत (१७४०-१७६१) तो पर्वतीच्या पायथ्याजवळ पश्चिमेकडे वळविण्यांत आला व तेथें एक विस्तीर्ण तळें बांधलें गेलें. या वळणामुळें जुन्या पात्राची जमीन मोकळी झाली आणि शहराच्या पेठांस दक्षिणेकडे पसरण्यास वाव मिळाला. हल्लीं हा ओढा दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेस मिळतो, तो या अठराव्या शतकांतील वळणामुळेंच.

याच सुमारास कात्रजचें पाणी शहरांत आणण्याचें काम झालें. कात्रज येथें एकाखालीं एक असे दोन तलाव बांधिले. वरच्या तलावांत गाळ बसे व निवळलेलें पाणी खालच्यांत येई. तेथून माणूस आंत शिरून चालूं शकेल एवढा चिरेबंदी भुयारी नळ सुमारें ५ मैल शनिवारवाड्यापर्यंत नेला. यास कोठेंहि यंत्राची जोड नव्हती. पाणी वाहे तें जमिनीच्या ढाळानें. नळावर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले होते. त्यांतून वारा खेळे, व आंत उतरून गाळ उपसण्याची सोयहि होई. शहरांत हें पाणी हौदांत पडे आणि कांहीं वाड्यांसहि देण्यांत येई. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद हीं नांवें या व्यवस्थेचींच होत. पुढें नाना फडणिसांनीं व सरदार रास्ते यांनींहि शहरास निराळे नळ आणले.

या सर्व कामांचा एकत्र विचार केला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. कात्रजचे तलाव डोंगरावरचें पाणी अडवीत. नळ त्यांतील नियमित हिस्सा शहरास देई. पर्वतीचें तळें ओढ्याचें उरलेलें पाणी सामावून घेई. म्हणजे ओढा वळविणें, पाणी सांठविणें व पाणी वांटणें हीं तिन्ही कामें एकाच व्यवस्थेचीं अंगें होतीं. त्यांतील एक अंग काढून टाकलें तर दुसऱ्याचा अर्थ बदलतो. नानासाहेबांच्या हेतूंत पूरनिवारण कितपत होतें याविषयीं आम्ही येथें निर्णय देत नाहीं; आमचें म्हणणें परिणामापुरतें आहे.

पुढील काळांत तेंच झालें. मुठेवरील खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झाल्यावर शहराची तहान दुसऱ्या पाण्यानें भागूं लागली, आणि हौद व उच्छ्वास यांकडे कोणी पाहीनासें झालें. पर्वतीच्या तळ्यांत सवाई माधवरावांच्या कारकीर्दींत १७८४ सालीं गणपतीची स्थापना झाली होती. तें तळें विसाव्या शतकांत नाहींसें होऊन तेथें सारसबाग झाली. देव मात्र अद्यापि 'तळ्यांतला गणपति' या नांवानेंच ओळखला जातो. पाणी गेलें, पण पाण्याचें नांव राहिलें. संशोधकास एवढा पुरावा पुष्कळ आहे. अठराव्या शतकांतील वळण तेवढें राहिलें, त्याचा भार हलका करणारें तळें गेलें, आणि दोहों कांठांवर वस्ती पात्रापर्यंत येऊन भिडली.

येथें कोणी म्हणेल कीं, पूर पूर्वींहि येत असत. आम्हांसहि तें मान्य आहे. परंतु पाऊसहि पूर्वीचा राहिलेला नाहीं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांचा समावेश असलेल्या एका अभ्यासांत, मध्य भारतांत १९५० ते २०१५ या काळांत विस्तृत प्रदेशावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारें तिप्पट झाल्याचें २०१७ मध्यें दाखविण्यांत आलें. थोडक्या तासांत पुष्कळ पाऊस, पाणी मुरण्यास मोकळी जमीन नाहीं, आणि सामावून घेणारें तळें नाहीं, हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे अरुंद पात्राकडून पूर्वींच्या कामाची अपेक्षा करणें व्यर्थ होय. २०२१ सालीं ओढ्याचा प्रवाह सरळ करण्यासाठीं कांठचीं घरें पाडण्यास आरंभ झाला तेव्हां मोठा वाद उपस्थित होऊन प्रकरण न्यायालयांत गेलें. रहिवाशांचा निवारा व शहराची सुरक्षितता या दोहोंचा प्रश्न त्यांत गुंतलेला होता. ओढ्याचें मूळ पात्र कोणतें, वळविलेलें कोणतें, त्याची रुंदी कोठें किती होती, हें ठरविल्याशिवाय अशा वादाचा न्याय्य निकाल लागणें कठीण आहे.

याच ठिकाणीं जुन्या कागदांचें काम पडतें. रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध केले, तरी दफ्तरांतील बहुतेक कागद अप्रकाशितच राहिले. शिवाय पुष्कळ पुरावा घराण्यांच्या संग्रहांत असूं शकतो. जागेच्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिण्याची चाल होती. एखाद्या खतांत 'पश्चिमेस ओढा' एवढे दोनच शब्द असले, तरी त्या सालीं पाणी कोठून वाहत होतें हें त्यावरून निश्चित होतें. अशीं दहावीस खतें एकत्र केलीं तर बुजलेल्या पात्राची रेघ नकाशावर उमटूं शकेल. वाड्यास हौदाचें पाणी दिल्याच्या परवानग्या, नळाच्या दुरुस्तीचे हिशेब, बेलदार व गवंडी यांच्या मजुरीच्या यादी यांचेंहि मोल तितकेंच आहे. संग्राहक अशा कागदांस सामान्यतः क्षुल्लक मानतात. त्यांत ना राजकारण असतें, ना कोणा नामांकित पुरुषाची सही.

आमची विनंती एवढीच आहे कीं, ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते वाळवीच्या हवालीं न करतां त्यांच्या नकला करून प्रसिद्धीस द्याव्या, आणि ज्यांच्या वाड्यांत जुना हौद वा उच्छ्वास असेल त्यांनीं तो बुजविण्यापूर्वीं त्याचें मोजमाप व जागा टिपून ठेवावी. कात्रजच्या नळाचा समग्र नकाशा या मार्गानेंच पुरा होईल. तो झाला म्हणजे इतिहासाची एक उणीव भरून निघेलच. शिवाय पुढच्या पावसाळ्याआधीं शहराची आंखणी करणारांस, पाणी कोणत्या वाटेनें येण्याचा संभव आहे, हें जुन्या साक्षीवरून दाखवितां येईल.