डोहांचा हिशेब

पेंच ही बारमाही वाहणारी नदी कधीच नव्हती. छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावून, सातपुड्याच्या जंगलातून वाट काढीत ती नागपूर जिल्ह्यात उतरते, कन्हानला मिळते आणि तिच्याबरोबर वैनगंगेत जाते. एप्रिल सरता सरता तिचे पात्र कोरडे पडे. परंतु नदी मरत नसे. पात्रातील खोल डोहांत पाणी उरे. सांबर, चितळ, रानगवे आणि वाघ तेथेच तहान भागवीत. मासेही त्याच डोहांत उन्हाळा काढीत, आणि मृगाचा पूर आला की प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालावयास जात. डोह ही नदीची पुरचुंडी होती. या पुरचुंडीचे पुढे काय झाले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

१९६४ साली मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्यात पेंचच्या पाण्याबाबत करार झाला. त्यातून तोतलाडोहचे धरण आणि १६० मेगावॉटचे वीजघर ऐंशीच्या दशकात उभे राहिले. विजेचे दोन हिस्से मध्य प्रदेशाला, एक आपल्याला. खाली नवेगाव खैरीच्या धरणापासून दोन कालवे निघाले. पारशिवनी, रामटेक, मौदा या भागांतील धानाला पाणी मिळाले, कोराडी व खापरखेड्याची वीजकेंद्रे चालली, आणि अंबाझरी, गोरेवाडा, कन्हान असे करीत वाढत गेलेली नागपूरची तहान पेंचवर येऊन भागली. हा लाभ लहान नाही. आपल्या घरातला नळ आणि दिवा त्याची साक्ष देतात.

पण जमेची बाजू वाचली, आता खर्चाची वाचू. ज्या गावी धरण झाले त्याच्या नावातच डोह आहे. सुमारे ७४ चौरस किलोमीटर जंगल बुडाले. त्यांतील ५४ मध्य प्रदेशातील. नदीकाठची गर्द झाडी व गवताळ सपाटी आधी गेली, कारण पाणी सखल जागाच आधी घेते. वरचे डोह पाण्याने बुडाले आणि कालव्यांच्या खालचे पाण्यावाचून गेले.

कोणी म्हणेल, जलाशयातही मासे आहेत, पाखरे आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या गाळावर हिरवे गवत येते व चितळांचे कळप त्यावर चरतात. हे खरे आहे. तथापि साचलेल्या पाण्यातला मासा निराळा आणि वाहत्या पाण्यातला निराळा. जो पुरात वर चढतो, त्याच्यापुढे भिंत उभी राहिली की त्याचा वंशच खुंटतो. अमेरिकेत कोलंबिया नदीवर १९३०च्या दशकात बॉनव्हिल धरण बांधताना माशांना चढण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवली होती. म्हणजे प्रश्न ठाऊक होता. १९७५ साली गंगेवर फराक्का बंधारा सुरू झाल्यावर अलाहाबादपर्यंत चढणारी हिलसा वरच्या गंगेत जवळजवळ दिसेनाशी झाली. तोतलाडोहच्या भिंतीत अशी पायरी नाही.

माशांमागोमाग माणसे आली. धरण बांधणाऱ्या मजुरांची वस्ती तोतलाडोहला पडली होती. काम संपले, मजुरीही संपली. पुष्कळ कुटुंबे तेथेच राहून मासेमारीवर जगू लागली. परंतु तो मुलूख १९७५ सालीच राष्ट्रीय उद्यान झाला होता. ज्यांनी भिंत रचली तेच कायद्याच्या लेखी चोर ठरले, आणि २००२ साली ती वस्ती उठविण्यात आली. मध्य प्रदेशाच्या बाजूला, उद्यानात पूर्वी राहणाऱ्या आदिवासींना ३०५ मासेमारी परवाने दिले होते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने वाघाचे जंगल राखण्यासाठी कडक अटी घातल्या. पण या लोकांच्या पोटाचाही विचार झाला पाहिजे असे सांगून परवाने रद्द केले नाहीत. राखीव जंगलात रात्री जाळी पडतात, चुली पेटतात, त्याचा जनावरांना उपद्रव होतो, हे मी नाकारीत नाही. माझे म्हणणे एवढेच की, वाघ आणि मजूर यांना एका काठावर समोरासमोर उभे केले ते पाण्याच्या वाटणीने; आणि त्या वाटणीत दोघांपैकी कोणालाच विचारले नव्हते.

पुढे छिंदवाडा जिल्ह्यात माचागोऱ्याला पेंचवरच चौराईचे धरण झाले आणि तोतलाडोहात येणारे पाणी घटले. २०१९च्या जुलैत नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळाले. भिंतीखालच्या डोहातल्या माशाची स्थिती काय असते, ते त्या महिन्यात या शहराला थोडेसे कळले असेल.

आम्हा कामगारांच्या लढ्यांतून १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. मालकाचा नफा काहीही असो, माणूस जगेल इतके आधी बाजूला काढा, हे त्याचे तत्त्व. नदीलाही असे किमान वेतन हवे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली राज्यांना सांगितले, की कोरड्या मोसमातील सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी नदीत राहू द्या. परंतु जी नदी एप्रिलात वाहतच नसे, तिच्या शून्याचे २० टक्के किती? पेंचसारख्या नदीचे वेतन टक्क्यांत ठरणार नाही. कालव्याखालचे डोह मोजा, ते जून लागेपर्यंत भरलेले राहतील इतके पाणी सोडा, आणि पावसाळ्यात मासा चढेल असा एखादा पूर मोकळा जाऊ द्या. एवढे बाजूला काढून उरेल ते पाणी शेत, वीज आणि शहर यांनी वाटून घ्यावे. नळाचे बिल भरणाऱ्या नागपूरकराने ही मागणी स्वतः केली पाहिजे, कारण ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना मागणीपत्र लिहिता येत नाही.