वाचकांनी राखलेला कवी

ग्रंथ लिहावा कवीने. परंतु तो जगवावा वाचकांनी. एखाद्या कवीवर पिढ्यान् पिढ्या जीव लावणारा वाचकवर्ग काय करू शकतो, याचा दाखला आम्हांस दूर शोधावयास नको. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा इतिहास हाच तो दाखला होय.

हे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ मध्ये येथेच निवर्तले. साष्टीत राहून त्यांनी येथील भाषा आत्मसात केल्या; कोंकणीचे व्याकरण रचिले आणि मराठी ओवीत हे पुराण गाइले. पहिले पुराण ३६ अवस्वरांचे, दुसरे ५९ अवस्वरांचे, आणि एकंदर ओव्या १०,९६२. आमच्या पूर्वीच्या पुराणांच्या जागी आम्हांस काही वाचावयास द्या, असे एका श्रोत्याने मागितले, हा प्रसंग कवीने प्रारंभीच सांगितला आहे. म्हणजे ग्रंथाच्या जन्मासच वाचकाची ओढ कारण झाली!

१६१६, १६४९ व १६५४ अशा तीन वेळा ते रोमन लिपीत छापले गेले. पुढे काळ फिरला. १६८४ च्या फर्मानाने व्हाइसरॉयने लोकांस तीन वर्षांत स्वभाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याची आज्ञा केली. सत्तेचा आश्रय गेला, छापखाना मुका झाला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग पुराण उरले कसे? ते वाचकांनी हातांनी उतरून घेतले म्हणून. हजारो ओव्या बोरूने लिहून काढणे हे काही दोन दिवसांचे काम नव्हे. देवळात मिसेनंतर आणि उपासकाळी घरोघर ते गाइले जाई. गोवा सोडून कानडा मुलखात वस्तीस गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही त्याच्या पोथ्या जतन केल्या. अशाच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्दान्हा यांनी १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापविले. पुढे लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी पोथीही आढळली, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढिली.

त्या नकलाकारांपैकी बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांनी कवीवर टीका लिहिली नाही, सत्कारसभा भरविल्या नाहीत. आवडता ग्रंथ पुढच्या पिढीच्या हाती पोहोचावा, एवढेच पाहिले. आमच्या मते रसिकतेची खरी कसोटी हीच. वाचकांपैकी कोणाच्या घरी, जुन्या पेटीत, ओव्यांचे एखादे जीर्ण बाड असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. जाणत्या अभ्यासकास ते अवश्य दाखवावे. त्या अनामिक लेखनिकांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांस दिसत नाही.